कुणाच्या हातानं

अण्णांना मी खोटं सांगून ऑपरेशनच्या टेबलावर निजवलं. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवर कुणाची गाय अडली की आधी त्यांना हाक जायची, गुरांच्या डॉक्टरला फोन नंतर. आडवं आलेलं वासरू ते कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून सरळ करायचे. ‘आत डोळ्याचं काम न्हाई, हाताला दिसतं,’ म्हणायचे. लोक म्हणत, अण्णांना हातगुण आहे. पुढं त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा आपणहून जाणं थांबवलं. आता कुणी गाईचं विचारायला आलं की हात सदऱ्याच्या खिशात घालून बोलतात.

त्यांच्या किडनीत गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, रोबोटनं काढू. त्यांनी मला समजावलं: त्या कोपऱ्यात बसणार, डोळे पडद्याला लावून बोटं हलवणार, आणि अण्णांच्या पोटात मशीनचे बारीक हात तसेच वळणार. “माझा हात जरासा थरथरला, तरी मशीन ती थरथर आत जाऊ देत नाही,” त्या म्हणाल्या. “वडिलांना सांगा हे. मग मी बोलते त्यांच्याशी.”

बाहेर बाकड्यावर अण्णा वाटच बघत होते.

“मशीन करनार म्हनतेत. हत्यार कोन चालवनार? ती पोरगी का मशीन?”

“मशीन नुसता दिवा धरतं, अण्णा. हात बाईंचाच.”

“मग हरकत न्हाई. बारीक हात हाय तिचा. अडल्या गाईला असाच लागतो.”

आत जाऊन मी बाईंना म्हणालो, सगळं सांगितलंय, पुन्हा विषय काढू नका, घाबरतात ते. सही कुठं करायची ते अण्णांना मीच बोटानं दाखवलं.

घाबरतील म्हणून खोटं बोललो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगू शकलो असतो. पण ते खरं नाही. अण्णा घाबरले नसते. त्यांनी प्रश्न विचारले असते. मशीनला मनगट आहे का, आत मऊ-कठीण कसं कळतं, लाईट गेली तर काय. तासभर. मला नगरला कामावर परत जायची घाई होती, आणि धोतरातल्या बापाच्या प्रश्नांची बाईंसमोर थोडी लाजही वाटत होती.

ऑपरेशन छान झालं. घरी निघताना अण्णांनी बाईंचा हात आपल्या दोन्ही थरथरत्या हातांत धरला आणि कपाळाला लावला. “लेकी, लई गुनाचा हात हाय तुझा.” बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी चपला शोधू लागलो.

विषय तिथंच मिटला असता. पण मागच्या रविवारी मी वस्तीवर गेलो होतो, तेव्हा पाथर्डीहून आत्या आली, अण्णांची धाकटी बहीण. तिच्या गर्भाशयात गाठ आहे, अंगावरून जाणं थांबत नाही. तिलाही रोबोटचंच सांगितलंय.

“मी काय उसाचं टिपरू हाय व्हय, मशीनीत घालायला?” ती म्हणाली.

अण्णा पोट धरून हसले. मग गंभीर झाले. “नगं करू, बाय. माझं हातानं केलं म्हनून मी उठलो. इचार ह्याला.”

दोघंही माझ्याकडं बघत होती. अण्णांच्या नजरेत नुसता विश्वास होता.

मी म्हणालो, “चहा घे आत्या, गार होतोय.”

ती ऑपरेशनला नको म्हणायचं ठरवून गेली. तिला फाट्यापर्यंत सोडून अण्णा परत आले आणि माझ्याशेजारी बसले. आपल्याच हातांकडं बघत म्हणाले, “थरथर नसती तर मी अजून गेलो असतो रं गाईंकडं.” थरथर गाळणाऱ्या मशीनची गोष्ट जगात कुणाला सांगायला हवी होती, तर ती ह्या माणसाला. मी चहाच्या कपबशा उचलून आत गेलो.

आत्याला मी खरं सांगायचं देणं लागतो, आणि तिच्याकडं वेळ थोडा आहे. अण्णांनाही तेच देणं लागतो, आणि त्यांच्या प्रश्नांचा तो तासही.