आधी गुडघे वाकतात

आपटे मॅडम गेल्याचा फोन त्यांच्या धाकट्या बहिणीनं केला, तेव्हा मी स्टुडिओत एका सशाच्या उडीची चित्रं तपासत होतो. "सकाळी चहा घेतला, आणि..." एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता सहा आठवडे झाले.

वारज्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात मॅडम ॲनिमेशन शिकवत. संगणक शेवटी; आधी कागद, पेन्सिल आणि खाली दिवा असलेली काच. वाशीमहून पदवी घेऊन मी तिथे आलो, घरातला पहिलाच पदवीधर. एका स्टुडिओच्या चाचणीत एकदा नापास झालो होतो. पुन्हा झालो तर गावी परतायचं, असं घरी ठरलं होतं. चाचणीचा विषय साधा होता, एक माणूस पोतं उचलतो. मी ते नायकासारखं थेट खांद्यावर नेलं. मॅडमनी माझे कागद भराभर उलटले. "अहो वाशीमकर, पोत्यात कापूस आहे की नुसतीच हवा?" वर्ग हसला. मग त्यांनी समजावलं की हालचाल आधी उलट दिशेला सुरू होते. उडी मारणारा आधी खाली बसतो. पोत्याचं वजन पोत्यात काढता येत नाही, ते उचलणाऱ्याच्या तयारीत दिसतं.

हे मला ठाऊक होतं, आणि तीच अडचण होती. माझे वडील धान्यबाजारात हमाल होते आणि मी वर्गात 'धान्याचा व्यवसाय' असं सांगितलं होतं. त्यांच्यासारखं उचललं तर सगळ्यांना कळेल, अशी भीती वाटे. मॅडमनी मला उभं करून ती कृती करायला लावली. पाय आपोआप फाकले, गुडघे वाकले, दम धरला गेला...

"हे कुठं शिकलात?"

मी खरं ते सांगितलं.

"मग शिकवणी त्यांच्याकडेच लावायची होतीत."

पुढच्याच महिन्यात त्यांनी वडिलांना बोलावून घेतलं. किराणा दुकानातून तांदळाचं पोतं आणवलं. वडील संकोचले. "पोतं उचल्याले का शिका लागते, बाई?" "ते तुमच्या चिरंजीवांना विचारा," असं म्हणून मॅडम पेन्सिल घेऊन आमच्यात बसल्या. वडिलांनी ते पोतं अकरा वेळा उचललं. त्या दिवशीच्या चित्रांवरून मी पुढे चाचणी पास झालो. वडील आता माझ्याकडेच असतात.

फोन आला त्या दिवशी मॅडमना जिन्यानं खाली न्यायचं होतं. आम्ही चौघं होतो, वडील पुढच्या बाजूला. वाकलो, पाय रोवले, दम धरला आणि उचललं. शेवटच्या आजारपणात त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या, की चौघांचेही हात गरजेपेक्षा वर गेले. "जास्त जोर लावला रे आपण," वडील हळू आवाजात म्हणाले.

कागदावर मी असं काढलं असतं, तर मॅडमनी तो परत दिला असता. वजनच नाही तर एवढी तयारी कशाला, असं विचारलं असतं.