दाजींचे एक्केचाळीस गुण

फुटबॉल क्लबात त्याला सगळे गणितबुवा म्हणत. वीस वर्षं काम एकच: मैदानाकडेला बसायचं, कोण पळालं, कोण पडलं, कुणी किती गोल अडवले ते टिपायचं. माणूस वाळक्या शेंगेसारखा, पण नजर घारीची.

त्या वर्षी दुसऱ्या क्लबाशी खेळाडूंची अदलाबदल करायची होती. मॅनेजर म्हणाला, "बुवा, मला पुराण नको. खेळाडूमागे एक आकडा द्या. कोण ठेवायचा, कोण द्यायचा, ते मी बघतो."

बुवानं दीड महिना डोकं खाजवून सूत्र बांधलं. वय, अडवलेले गोल, खाल्लेले गोल, हुकलेले सामने. सगळं शंभरात बसवलं. आपल्या गोलकीपरला, म्हणजे बुवाच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, एक्केचाळीस पडले. समोरच्या क्लबातल्या गोलकीपरला त्रेसष्ट.

एक्केचाळीसच का, ते बुवाला पक्कं ठाऊक होतं. दाजी शेवटचे अकरा सामने मोडक्या बोटानं खेळले होते. समोरच्यांना वास लागू नये म्हणून तक्त्यात दर वेळी 'तंदुरुस्त' लिहिलं होतं, आणि लिहिणारा हात बुवाचाच. सूत्राला बोट कुठून दिसणार? त्यानं धरलं, गडी थकला.

बुवाला सांगायला तोंड होतं. पण मेहुण्याची बाजू घेतली असं कुणी म्हणेल, या धास्तीनं तो न्यायाधीशासारखा ताठ बसला. "आकडा आहे तो आहे," एवढंच बोलला. झालं, दाजींची रवानगी ठरली.

बहिणीचं बिऱ्हाड आवरायला तो गेला, खोक्यांना दोरी बांधू लागला.

"तुला बोटाचं माहीत होतं ना रे?"

"होतं, ताई."

"मग?"

"घरचा माणूस, म्हणून..."

"म्हणून गप्प बसलास? परका असता तर बोलला असतास की!"

दाजी हसत मधे पडले. "जाऊ दे गं. एक्केचाळीस म्हणजे पास. शाळेत मला एवढे कधी पडले नव्हते."

त्यांच्या त्या हसण्यानं बुवाचं काळीज सोललं गेलं.

पुढल्या हंगामात त्यानं सूत्रात नवा रकाना पाडला: दुखणं अंगावर काढून खेळलेले सामने. वही घेऊन एकेकाकडे फिरला. पण दुखणं बुवाच्या कानावर घालून दाजींचं काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. "आम्ही ठणठणीत आहोत, बुवा," जो तो म्हणाला, आणि एक जण तर तसाच लंगडत मैदानात गेला.