गुन्वोरची हातोडी

गुन्वोरने बत्तीस वर्षं आमच्या खाडीकाठच्या कारखान्यात कॉड माशांची पोटं साफ केली. पन्नाशी उलटल्यावर ती ट्रोम्सो शहरात जाऊन डायव्हिंग शिकून आली. कुणी कारण विचारलं की म्हणायची, "आयुष्यभर मासे आतून पाहिले. आता बाहेरून बघते."

एकट्याने बुडी मारायची नसते, आणि गावात रबरी पोशाख असलेला दुसरा माणूस मीच, शाळेतला मास्तर. म्हणून दर शनिवारी आम्ही दोघं. पाणी चार अंशांचं, कधी दोन. खडकाच्या कपारीत लांडगामासा दात विचकून पडलेला असायचा. वसंतात एका गोलमटोल माशाचा नर अंड्यांच्या ढिगाला चिकटून महिनाभर राखण करायचा. मादी केव्हाच निघून गेलेली. गुन्वोरने हे आपल्या दिराला, हाल्व्हारला सांगितलं. तो मच्छीमार. म्हणाला, "मादी शहाणी आहे."

जुन्या धक्क्याजवळ मात्र तळ उघडाबोडका होता. समुद्रसाळूंचे हिरवे काटेरी गोळे खडकाखडकाला चिकटून बसले होते. केल्प या समुद्री शेवाळाचं माणसाच्या उंचीचं रान त्यांनी मुळापासून खाल्लं होतं. दोन वर्षं ते पाहून गुन्वोरने एके शनिवारी पाण्यात हातोडी आणली आणि एकेक गोळा फोडायला सुरुवात केली. चार दोऱ्या लावून तिने तुकडा आखला, शाळेच्या दोन वर्गांएवढा.

हाल्व्हार धक्क्यावर उभा राहून विचारायचा, "आज किती मारले?"

"चारशे."

"म्हणजे राहिले फक्त चार कोटी."

"तू कॉड पकडतोस तेव्हा उरलेले मोजतोस का?"

तिसऱ्या हिवाळ्यात, अठरा मीटर खाली, तिचा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरायचं हवेचं यंत्र, गोठला. त्यातून हवेचा लोंढा सुटला, बुडबुड्यांत मला ती दिसेनाशी झाली. हात पुढे करून मी तिला पकडलं, माझं हवेचं जादाचं नळकं तिच्या तोंडात दिलं, आणि आम्ही सावकाश वर आलो. काठावर मी तिला कॉफी ओतून दिली.

"आता बस कर," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. पुढच्या शनिवारी दुसरा रेग्युलेटर घेऊन हजर.

चौथ्या वसंतात खडकांवर बोटभर तपकिरी पानं फुटली. पुढच्या वर्षी ती कमरेपर्यंत आली. पानांच्या आडोशाला कॉडची पिल्लं दिसू लागली. हे पाहिलेले फक्त आम्ही दोघंच होतो, त्यामुळे गावात कुणी मानलं नाही.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तिच्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टरांनी डायव्हिंग कायमचं बंद केलं. तिने पोशाख धुऊन, पावडर लावून कपाटात टांगला.

शेजारच्या गावातली, डायव्हिंग येणारी एक नर्स महिन्यातून एकदा माझ्याबरोबर यायला तयार झाली. वर आल्यावर मी गुन्वोरकडे जायचो.

"कडेने साळू परत शिरलेत."

"किती?"

"मोजले नाहीत."

"मग खाली काय करत होतास?"

जूनमध्ये, वारा नसताना, हाल्व्हारने तिला होडीत बसवलं. त्याच्याकडे काचेच्या तळाची जुनी बादली होती. ती पाण्यावर टेकवून गुन्वोर होडीच्या काठावर पालथी पडली. त्याने तिचा पट्टा धरून ठेवला होता. मी वल्ही मारत होतो.

"काय दिसतंय?"

"डावीकडे घे."

अर्ध्या तासाने तिने बादली त्याच्याकडे दिली. त्याने वाकून पाहिलं आणि बराच वेळ डोकं वर काढलं नाही.

"पिल्लं आहेत," अखेर तो म्हणाला.

"मग मी काय सांगत होते?"

आता शांत दिवशी गुन्वोर आणि हाल्व्हार होडीने जातात. जिथे साळू दिसतील तिथे ती दोरीला दगड बांधून रंगीत तरंगती खूण सोडते, आणि नर्स आणि मी महिन्यातल्या आमच्या शनिवारी तिथे उतरतो. खोल बाजूचा एक तृतीयांश भाग साळूंनी परत खाल्लाच. बाकीचं रान अजून उभं आहे.