डॉक्टरांनी काढून घेतलेली कात्री

डॉ. मुकुंदराव खरे यांची व माझी पहिली भेट नोकरीच्या निमित्ताने झाली. पनवेलच्या त्यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडरच्या जागेसाठी गेलो होतो. त्यांनी एक बाटली आणि कात्री पुढे ठेवली व म्हणाले, “सहा डोसांची पट्टी कापा.” मिक्श्चरच्या बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी डिंकाने चिकटवतात, एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. माझी पट्टी बरोबर निघाली आणि मी त्याच दिवशी कामाला लागलो. डॉक्टर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, म्हणून त्यांचा सत्कार आहे. मला लिहिण्याची सवय नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

चार वर्षांपूर्वी माझी पत्नी मालती गेली. तेव्हापासून माझी झोप उडाली. सुकापूरकडे नव्या इमारती उठत होत्या, दवाखान्यात गर्दी वाढली होती. मी बाकापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत असे, पण काम वेळेवर होत होते. निदान मला तसे वाटत होते.

एके सकाळी उरणच्या गंगूबाई बाटली घेऊन आल्या. त्या मासळी विकतात. डॉक्टरांसमोर बाटली आपटून म्हणाल्या, “तुमच्या मानसान तीनच डोस केल्यान! दरवेली सहा असतान. एक डोस घेतला नि दिसभर गुंगीत परले. माजी मासली कोन इकनार, ह्यो कंपाउंडर?”

डॉक्टर म्हणाले, “चूक माझ्या दवाखान्याची आहे, बाई.” त्यांना तपासून, नवे औषध देऊन पाठवले. मग मला विचारले, “किती दिवस झोप नाही?”

“मालती गेल्यापासून. पण मी सावध असतो, डॉक्टर.”

त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचे पान दिले व पाच मिनिटांत प्रत्येक ‘क’वर काट मारायला सांगितले. मी खात्रीने काट मारत गेलो. अकरा ‘क’ सुटले होते. शिवाय चार ‘फ’वर काट मारली होती.

डॉक्टर म्हणाले, “झोप मोडली की माणूस जागा दिसतो, पण लक्ष मध्येच क्षणभर बंद पडतं. त्याला स्वतःला ते कळतही नाही. आणि सवयीच्या हाताला ‘थांब’ म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग, तोही ढिला पडतो. आधीच्या चार बाटल्या तीन-तीन डोसांच्या होत्या ना? हात तसाच पुढे गेला, आणि बाईंच्या एका डोसात दुप्पट औषध गेलं.” एवढे बोलून त्यांनी माझी कात्री आपल्या खिशात घातली.

मला फार राग आला. दोन मुली घरी होत्या. नोकरी गेली असे वाटले. पण डॉक्टरांनी मला नावे पुकारायला बसवले आणि मिक्श्चर स्वतः करू लागले. रुग्ण कुरकुरले, “डॉक्टर, तुम्हीच कंपाउंडर झालात का?” ते हसून म्हणाले, “शिकतोय अजून.” झोपेच्या गोळ्यांच्या कपाटाची किल्लीही त्यांनी माझ्याकडून घेतली. तेव्हा मी काय विचार करत होतो, ते त्यांना कळले होते. मी ते कोणालाच सांगितले नव्हते.

त्यांनी मला नेम घालून दिला: रोज ठरल्या वेळी उठायचे, दुपारी आडवे व्हायचे नाही आणि अकरा वाजता नव्या पानावरच्या ‘क’वर काट मारायची. कधी सात सुटत, कधी पुन्हा दहा. मी चिडून पेन्सिल मोडली, तर त्यांनी दुसरी दिली. अडीच महिन्यांनी सलग सहा दिवस एकही ‘क’ सुटला नाही, तेव्हा त्यांनी कात्री टेबलावर ठेवली.

मी पूर्ण बरा झालो असे म्हणणार नाही. अजूनही एखाद्या सकाळी डोके बधिर असते. त्या दिवशी मीच डॉक्टरांना म्हणतो, “आज पट्ट्या तुम्ही कापा.” ते खुर्ची ओढून बसतात.

डॉक्टरांना निरोगी शंभर वर्षे लाभोत, आणि प्रत्येक रात्री गाढ झोप लाभो. सत्कार समितीला हात जोडून एकच विनंती आहे: भाषणे साडेआठला संपवावीत. डॉक्टर दहाला झोपतात, आणि सकाळी त्यांच्याकडे माणसे औषधाला येणार आहेत.