ओकचं कपाट

लाखेच्या पॉलिशचा वास आला की सीताबर्डीतलं जुन्या फर्निचरचं दुकान आठवतं. मला सातवा महिना होता. आम्ही दोघं कपाट बघायला गेलो होतो. "इंग्रजांच्या काळातलं ओकचं लाकूड हाये," म्हातारे दुकानदार म्हणाले. "मागची फळी आतून चाचप. उंचसखल लागली तर हातानं रंधा मारलेली, म्हंजे जुनी." मी कपाटात हात घातला. फळी उंचसखल लागली, आणि मनगटावर काहीतरी चढलं. "हलू नको वं पोरी, इच्चू हाये!" माझा हात ओढायला धावलेल्या नवऱ्याला त्यांनी घट्ट धरलं. विंचू कोपरापर्यंत आला, थांबला, मग सावकाश कप्प्यावर उतरला. मी हात बाहेर काढला. विंचू हातावर होता तोवर पोटात मुलगी ढुशा देत होती आणि मी मनातल्या मनात तिलाही हलू नकोस म्हणून विनवत होते, हे आज चाळिशीला आलेल्या तिला मी कधी सांगितलं नाही.