फेस न येणारी नळी

बिडकीनला भाच्याच्या साखरपुड्यात पंगतीला बसलो होतो, तेव्हा माणिकच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्ये गेले," एवढंच म्हणाल्या. बातमी अनपेक्षित नव्हती. तरी पानातली जिलेबी तशीच राहिली. पुंडलिकनगरला माणिकच्या घरी पोचेपर्यंत मी रिक्षावाल्याशी खड्ड्यांबद्दल बोलत होतो, एवढं आठवतं... त्याला आता दीडेक महिना झाला.

माणिक सिल्लोडकडचा, घरची कापूस-मक्याची शेती. कॉलेजात तो जीवरसायन शिकवायचा, मी वनस्पतिशास्त्र. सगळी हयात त्याने कॅटालेज नावाच्या एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, नादात घालवली. पाव फुगवणारं यीस्ट प्राणवायू घेतं, पण त्यातूनच पेशीच्या पोटात पेरॉक्साइड तयार होतं आणि तिलाच जाळतं. कॅटालेज त्याचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं. माणिक वर्गात एका नळीतल्या यीस्टवर जखमेला लावायच्या पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. फसफसून फेस आला, की मागच्या बाकावरचेही जागे व्हायचे. मग दुसरी नळी काढायचा. तिच्यातल्या यीस्टमध्ये हे विकरच नव्हतं. थेंब नुसता पडून राहायचा. घरी आलेल्या पाहुण्यांचीही या प्रयोगातून सुटका नसे.

त्याचा खरा जीव मात्र पुढच्या गोष्टीत होता. पेशीला आधी पेरॉक्साइडचा हलका डोस दिला, की ती विकराची बेगमी करून ठेवते आणि नंतरचा जबर डोस पचवते. विकर नसलेल्या यीस्टला याचा फारसा उपयोग होत नाही, हेही तोच सांगायचा. पण माणसांच्या बाबतीत ते विसरायचा. "एकदम सांगितलं तर माणूस मोडतंय. जरा जरा सांगितलं का तयार व्हतंय." नापास पोराच्या बापाला तो आधी चहा पाजायचा, मग हजेरीचं बोलायचा, निकाल सगळ्यात शेवटी. स्टाफरूममध्ये आम्ही त्याचं नावच 'हलका डोस' ठेवलं होतं.

स्वतःचा आजार कळला तेव्हाही तेच. मला पहिल्याच दिवशी सगळं सांगून मोकळा झाला. वहिनींना मात्र आधी "जरा रक्त तपासायचंय", मग "पुण्याला दाखवा म्हणत्यात", मग "सिल्लोडला समद्यांना भेटून येऊ".

मला ते पटलं नव्हतं. म्हटलं, "आणि वहिनी नाही तयार झाल्या, तर?"

"व्हईल रे. यीस्टला जमतं, ही तर शोभाय."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. हट्टी होता.

परवा वहिनींनी बोलावलं. निवृत्तीनंतर माणिकने त्या दोन्ही नळ्या घरच्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी आणून ठेवल्या होत्या. दर काही महिन्यांनी ताज्या खाद्यावर उतरवलं नाही, तर यीस्ट मरतं. "कॉलेजात द्या कुणाला," वहिनी म्हणाल्या. मी नळ्या पिशवीत ठेवू लागलो. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"मला समदं थेंबाथेंबानं सांगितलं ह्यांनी. मला वाटलं, झाली सवय..." ओटा पुसत म्हणाल्या, "नाय झाली, भाऊजी. कायबी नाय झाली."

मला माणिकचा राग आला. तो समोर हवा होता, असंही फार वाटलं.

वहिनींनी पिशवीत डोकावून विचारलं, "ह्यातली फेस न येणारी कोणची?"

मी दाखवली. त्यांनी ती उचलली आणि पुन्हा लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली.

"ही ऱ्हाऊ द्या इथं. हिला जगवायचं कसं, तेवढं दाखवून जा मला."