पाहुणीच्या पुढ्यात तुरीच्या शेंगा

आमची लेक विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत वर्षभरासाठी पोलंडला एका कुटुंबात राहायला गेली आणि तिच्या बदल्यात तिकडची एक मुलगी इकडे गुजरातेत आमच्या गोडादऱ्याच्या फ्लॅटमध्ये येणार असं ठरलं. तिकडे आपल्या पोरीला कुणी तरी जीव लावून जेवू घालतंय, तर आपण इकडे कमी पडायचं नाही, एवढं मी मनावर घेतलं. मी काही मनावर घेतलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, तो भाग वेगळा.

पडदे धुऊन झाले. (बायकोने धुतले, मी लक्ष ठेवलं.) काटे-चमचे आले, कॉर्नफ्लेक्स आले. दाढी करताना आरशासमोर माझं इंग्रजी घोटून झालं.

रविवारी सकाळी मुलांची सोय बघणाऱ्या गुजराती बेन तिला घेऊन आल्या. निघताना दारातच मला म्हणाल्या, "भाई, एने न फावे तो कहेजो. कामरेजमां बंगलो तैयार छे. सांजे फोन करीश."

म्हणजे पोरगी इथे रुळली नाही तर संध्याकाळी बेनचा फोन आणि तिची बॅग कामरेजला, दुसऱ्या कुटुंबाच्या बंगल्यात! बंगल्याशी आमच्या दोन खोल्यांनी काय टक्कर द्यावी?

मग मी पाहुणचार सुरू केला. पंखा वाढवू? कमी करू? चहा? कॉफी? सरबत? पोरगी सोफ्याच्या कडेला बसून प्रत्येक वेळी "थँक यू" म्हणायची. बायको स्वयंपाकघरात गेली की ही उठायची, मी लगेच "नो नो, सिट, सिट!" जेवल्यावर तिने ताट उचललं, ते मी जवळजवळ हिसकावून घेतलं. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, भाजी तिखट झाली असणार.

दुपारी ती लेकीच्या खोलीत गेली. दार अर्धवट उघडं होतं. पलंगावर तशीच कडेला बसलेली आणि बॅग शेजारी, बंदच.

"अगं, बॅगसुद्धा उघडली नाही तिनं," मी स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजलो. "गेली ही कामरेजला! सामोसे आणू का?"

"तिला भूक नाही लागली," बायको म्हणाली. "मी लग्न होऊन अकोल्याहून इथं आले तेव्हा तुमच्या घरच्यांनी मला असंच पलंगावर बसवून ठेवलं होतं. नवी नवरी, हिला काही करू देऊ नका! शेजारणी गुजरातीत बोलायच्या, मला एक अक्षर कळेना. पाणी कुठून घ्यावं तेही विचारायची चोरी. शेवटी तुमच्या आईनं मेथीची जुडी टाकली पुढ्यात, तेव्हा कुठं जिवात जीव आला. तुम्ही सरका तिकडं."

तिने हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं, त्यावर तुरीच्या हिरव्या शेंगांची टोपली उपडी केली आणि खोलीच्या दारातून हाताने खूण केली, "ये वो बाई, बस."

"अगं, पाहुणीला कामाला लावतेस? पहिल्याच दिवशी?"

"तुम्ही गप बसा ना बाप्पा."

मुलगी आली, मांडी घालायचा प्रयत्न करून शेवटी पाय लांब करून बसली. बायकोने एक शेंग तिच्यासमोर फोडली, दाणे वाटीत टाकले. एकीला इंग्रजी जेमतेम, दुसरीला मराठी शून्य. पण दहाएक शेंगांनंतर दोघींचा हात एका लयीत चालू लागला. पोरगी मला इंग्रजीत म्हणाली, "घरी सोलायचं काम माझंच असतं. आई बटाट्यांना हातच लावत नाही." सकाळपासूनचं तिचं ते पहिलं लांब वाक्य. मी ते बायकोला मराठीत सांगितलं, तर ती म्हणाली, "मग? मी काय म्हणत होते? सांगा तिला, रात्री याचाच भात करू."

तेवढ्यात एका शेंगेतून हिरवी अळी निघाली. पोरीने ती बोटावर घेतली आणि कौतुकाने मला दाखवायला हात पुढे केला. मी दोन्ही पाय सोफ्यावर घेतले. ती जी हसायला लागली! बायकोही. माझ्या फजितीचा घराला असा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि फोन वाजला. बेनच. मी तो पोरीच्या हातात दिला. ती इंग्रजीत म्हणाली, "हो, बरी आहे. नंतर बोलू का? याचा भात करायचाय, अजून अर्ध्या शेंगा राहिल्यात."

फोन परत देऊन, केस सारखे तोंडावर येत होते म्हणून ती रबर आणायला आत गेली. बॅगेची चेन सर्रकन उघडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान वर न करता मूठभर शेंगा माझ्याकडे सरकवल्या.

"ऐकलं ना? आता उतरा खाली आन् सोला. पाहुण्यासारखे काहून बसले?"